समोरच्या खड्ड्यात पडणाऱ्यांना दहा टक्के सूट

अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत मला मत नव्हतं. म्हणजे आत कुठेतरी असेल, पण बाहेर काढायची परवानगी नव्हती. सरकारी खात्याच्या आवक-जावक विभागात मी एकतीस वर्षं काढली, आणि आमच्या सेवानियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं की कर्मचाऱ्याने जाहीररीत्या कोणतंही मत व्यक्त करू नये. मी हा नियम इतका मनापासून पाळला, की जेवणाच्या सुट्टीत कुणी ‘आज फार उकडतंय, नाही?’ असं विचारलं तरी मी ‘हवामान खात्याला विचारा’ म्हणायचो. निरोप समारंभात साहेबांनी माझा उल्लेख ‘शांत स्वभावाचे सहकारी’ असा केला. शांत कसला? तुंबलो होतो मी!

निवृत्त झाल्यावर मी बायकोच्या लाँड्रीत बसायला लागलो. ‘बसायला’ हा शब्द तिचा. ती स्वतः अठरा वर्षं तिथे उभी आहे. दुकान म्हणजे एक खोली. पुढे काउंटर, मागे दोन टेबलं, फुसफुसणारी वाफेची इस्त्री आणि छतापर्यंत टांगलेले लोकांचे कपडे. प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी असते, आणि त्या चिठ्ठीशिवाय बायको सख्ख्या भावालाही त्याची विजार परत देत नाही. किरकोळ गिऱ्हाइकं येतात-जातात, पण दुकान चालतं ते कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या चादरींवर. आठवड्यातून दोनदा चादरी आणि अभ्र्यांचे गठ्ठे यायचे. ते होते म्हणून दुकानाचं भाडं निघत होतं आणि माझ्या पेन्शनला हात लावावा लागत नव्हता.

वरच्या मजल्यावरचा शिकवणीचा वर्ग बंद पडला, तेव्हा जाताना मास्तरांनी एक फळा आम्हाला दिला. बायको म्हणाली, “दरपत्रक लिहा त्यावर. अक्षर बरं आहे तुमचं, तेवढं तरी कामाला येऊ दे.” मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: शर्ट, विजार, कोट, डाग काढणे. आठवडाभर मी रोज तेच पुसून तेच लिहीत होतो. शेवटी माणूस आहे, दगड नाही.

आता खड्ड्याकडे वळतो. लोक कसे, नकळत वळतात. मी मुद्दाम वळतो. चार महिन्यांपूर्वी पालिकेच्या रस्ते विभागाने आमच्या दाराच्या बरोब्बर समोर पाइप टाकण्यासाठी खणलं. पाइप टाकला की नाही हे त्या पाइपालाच माहीत. माणसं गेली, खड्डा राहिला. गुडघाभर खोल, आत कायमचं गढूळ पाणी, आणि वर एक फळकूट टाकलेलं. त्या फळकुटाचं एक टोक हलायचं. दिवसाला सरासरी एक माणूस आत जायचा. औषधवाला, म्हणजे आमच्या शेजारचा दुकानदार, त्याचा मलमपट्टीचा खप त्या चार महिन्यांत दुप्पट झाला होता, त्यामुळे त्याचं या विषयावर काही म्हणणं नव्हतं.

एका सकाळी एक गृहस्थ नोकरीच्या मुलाखतीला जाताना पांढऱ्या विजारीसकट आत गेले. बायकोने त्यांना पडद्यामागे बसवलं, गुंडाळायला हॉटेलची एक चादर दिली आणि वीस मिनिटांत विजार धुऊन, वाफ देऊन, कडक करून हातात ठेवली. ते गेल्यावर मी फळ्यापाशी गेलो. एकतीस वर्षं तुंबलेलं काहीतरी खडूतून आपोआप उतरलं: ‘समोरच्या खड्ड्यात पडणाऱ्यांना धुलाईत दहा टक्के सूट.’

काय सांगू! माणसं थांबून वाचायला लागली. हसायला लागली. दोघांनी फोटो काढले. एक बाई तर वाचता वाचता खड्ड्यात गेल्या आणि आत उभ्या राहूनच म्हणाल्या, “सूट आजपासून लागू आहे ना?” आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कुणीतरी वाचत होतं. आवक-जावक विभागात मी काही लाख पाकिटांवर पत्ते लिहिले, पण त्यावर कधी कुणी हसलं नाही.

बायको इस्त्री ठेवून बाहेर आली. वाचलं आणि म्हणाली, “पुसा ते.”

“का पुसू? खोटं आहे का?”

“खोटं नाही. पण सूट तुम्ही जाहीर केलीत आणि कपडे मी धुते.”

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय वाढवला. मतस्वातंत्र्यावर सुमारे दहा मिनिटं बोललो. ती तोपर्यंत दोन शर्ट करून मोकळी झाली.

तेवढ्यात अपीलकाका आले. आमच्या गल्लीतले हे काका एका सामाईक भिंतीसाठी चौदा वर्षं कोर्टात लढले. ते जिंकले त्या आठवड्यात भिंत आपणहून पडली. पण तेव्हापासून कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकार आपल्याला मिळाला आहे असं ते मानतात. फळ्याकडे बघत त्यांनी हनुवटी खाजवली आणि विचारलं, “परवानगी काढलीय?”

“कसली परवानगी?”

“तेच तर म्हणतोय. कसली ते आधी शोधावं लागेल.”

झालं! इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. बायको सोडली तर त्या फळ्याला तोपर्यंत कुणीही हरकत घेतली नव्हती. पालिकेला तो आहे हेही माहीत नव्हतं. शहाण्या माणसाने गप्प बसायचं. पण ज्याने एकतीस वर्षं कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवले, त्याला कागद न पाठवता झोप येत नाही. मी बसलो आणि पालिका आयुक्तांच्या नावे सुरेख अर्ज लिहिला. ‘विषय: दुकानासमोरील फळ्यावरील मजकुरास परवानगी मिळणेबाबत.’ खाली सवयीने लिहिलं: ‘प्रत माहितीसाठी: जाहिरात विभाग, परवाना विभाग, रस्ते विभाग.’ चारही ठिकाणी नेऊन पोच घेतली. त्या पोचांचे शिक्के बघून मला इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन जरा आडवा झालो.

बायकोला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली कॉलर तशीच राहिली. “कुणी विचारलं होतं?”

“अगं, विचारायच्या आधी कळवलं की आपली बाजू भक्कम होते.”

“तीन ठिकाणी?”

“मूळ प्रत धरून चार,” मी म्हणालो. मला त्यात अभिमान वाटला होता, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आठव्या दिवशी जाहिरात विभागाचं पत्र आलं. मी नवा कोट घालून गेलो. तिथल्या बाईंनी माझा अर्ज समोर ठेवला. बाई अत्यंत सभ्य होत्या, एवढं सांगितलं पाहिजे. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, म्हणूनच त्यांना तिथे बसवत असावेत.

“ही जाहिरात आहे की मत?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“सूट देताय म्हणजे जाहिरात. खड्ड्याबद्दल बोलताय म्हणजे मत. जाहिरात असेल तर शुल्क भरायचं आणि प्रत्येक मजकूर सात दिवस आधी मंजूर करून घ्यायचा.”

“प्रत्येक? उद्या दुपारी वीज नाही म्हणून दुकान बंद ठेवायचं असेल तर?”

“तर वीज जाणार हे सात दिवस आधी कळवायचं,” बाई म्हणाल्या. “शिवाय जाहिरातीतला दावा सिद्ध करावा लागतो. खड्डा आहे, त्यात माणसं पडतात, हे दाखवणारी कागदपत्रं लागतील. पडलेल्यांची नोंदवही वगैरे ठेवता का?”

मी म्हणालो, ठेवत नाही; पडलेला माणूस सही करायच्या मनःस्थितीत नसतो. मग मी विचार केला. शुल्क वाचवावं, मंजुरीची कटकट नको, आणि खरं म्हणजे माझ्यातल्या विचारवंताला ‘जाहिरात’ हा शब्द झोंबला होता. मी ताठ बसून सांगितलं, “बाई, हे माझं मत आहे. याचा धंद्याशी काडीचाही संबंध नाही.”

“तसं लिहून द्या.”

लिहून दिलं. तेही मोत्यासारख्या अक्षरात.

ते लिहून दिलेलं पत्र बाईंनी परवाना विभागाकडे पाठवलं, आणि चार दिवसांनी तिथून बायकोच्या नावाने नोटीस आली. दुकानाच्या जागेचा वापर धंद्याशी संबंध नसलेल्या कारणासाठी, म्हणजे मत व्यक्त करण्यासाठी, होत असल्याचं खुद्द दुकानातल्या इसमाने लेखी कबूल केलं आहे; सबब महिनाअखेर संपणाऱ्या परवान्याचं नूतनीकरण स्थगित करण्यात येत आहे. ‘इसम’ म्हणजे मी. पेन्शनीत गेलेल्या माणसाला इसम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

बायकोने नोटीस वाचली, घडी केली आणि काउंटरच्या खणात ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “अठरा वर्षांत एकदाही परवाना अडला नव्हता.”

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ल्यांचा पूर आला. औषधवाला म्हणाला, जाहिरात म्हणा आणि सुटा. अपीलकाका म्हणाले, जाहिरात म्हणालात तर आधीचं पत्र खोटं ठरेल, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. तेव्हा ते मतच असू दे आणि आपण वरच्या कोर्टात जाऊ, फार तर नऊ-दहा वर्षं. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, फळा मला द्या, पोळपाटाखाली घेईन. चहाचा पेला हातात घेऊन सगळे बोलत होते आणि माझी बायको मध्ये उभी राहून इस्त्री करत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

त्यात तिसरी प्रत जागी झाली. रस्ते विभागाने कळवलं की त्यांच्या दप्तराप्रमाणे सदर ठिकाणचं काम पूर्ण होऊन रस्ता पूर्ववत करण्यात आलेला आहे. म्हणजे तिथे खड्डा नाही. नसलेल्या खड्ड्यावर सूट देऊन मी गिऱ्हाइकांची फसवणूक करत होतो! खरं-खोटं करायला त्यांचा निरीक्षक मंगळवारी येणार होता.

मंगळवारी गल्ली भरली. प्रत्येकाच्या मनात एकच इच्छा होती, ती सांगायची गरज नाही. औषधवाल्याने तर काउंटरवर कापूस काढून ठेवला होता. निरीक्षक आले. बारीक, नीटनेटके, हातात फाइल. त्यांनी खड्ड्याला एक चक्कर मारली. फळकुटावर पाय ठेवला. गल्लीने श्वास रोखला. ते अलगद, मांजरासारखे पलीकडे गेले आणि तसेच परत आले.

“ठीक आहे की,” ते म्हणाले. “जाता-येता येतं.”

“जाता-येता येतं?” माझा आवाज चढला. “अहो साहेब, हे टोक बघा, हे असं हलतं—” आणि कसं हलतं ते दाखवायला मी त्यावर पाय ठेवला.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. पाणी गार होतं. मी आत, नवा कोट आत, आणि वर पन्नास माणसं. कुणीतरी ओरडलं, “दहा टक्के!” लोक इतके हसले की निरीक्षकांनासुद्धा लिहिताना थांबावं लागलं. मी डोळे पुसून त्यांच्या फाइलकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं होतं: ‘अर्जदार पाहणीच्या वेळी स्वतःहून खाली उतरले.’

आणि महिना संपला. पहिल्या तारखेला शटरवर कागद चिकटला: परवाना नाही, धंदा बंद. गिऱ्हाइकांचे तयार कपडे देण्यापुरतं अर्धं शटर उघडायची मुभा होती. हॉटेलच्या मॅनेजरने दोन दिवस वाट पाहिली आणि चादरी दुसरीकडे दिल्या. त्याचा तरी काय दोष? पाहुण्यांना चादरी रोज लागतात.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदा मी दुकानात वाकून शिरलो, तर ती अर्ध्या अंधारात उभी राहून माझेच जुने शर्ट इस्त्री करत होती. केलेले शर्ट पुन्हा करत होती. मला म्हणाली, “हात रिकामे राहिले की दुखतात.” तेव्हा मला रडू आलं. माझं मत, माझा फळा, माझा मान, सगळं त्या इस्त्रीखाली घालून सपाट करावंसं वाटलं. मी म्हणालो, “माझं चुकलं. उद्या परवाना विभागात सुनावणी आहे ना, ते म्हणतील तिथे सही करतो.” शर्टाची बाही उलटी करून तिने पुन्हा वाफ दिली.

सुनावणीला दोघं गेलो. परवाना विभागाचे साहेब भल्या मोठ्या टेबलामागे बसले होते. भिंतीला लागून फाइलींचे ढिगारे, खुर्चीच्या पाठीवर त्यांचा राखाडी कोट. साहेब वैतागलेले होते, पण वाईट नव्हते. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. “सोपं आहे. इथे सही करा, आत्ता परवाना देतो.”

कागदावर होतं: ‘मी दुकानाच्या आवारात यापुढे कोणतेही मत व्यक्त करणार नाही.’

मी पेन काढलं. होय, मीच! टोपणही उघडलं होतं. साहेब म्हणाले, “तुमची नको. परवाना कुणाच्या नावावर आहे?”

बायकोने कागद घेतला आणि दोनदा वाचला. डाग कसला आहे ते ठरवताना कापड बघते तसा. मग म्हणाली, “साहेब, मी कुठलं मत दिलं?”

“अहो, फळ्यावर—”

“ते ह्यांचं. मला ह्यांनी विचारलंही नव्हतं.”

मी पंख्याकडे बघायला लागलो. पंखा बंद होता.

“तुमच्या त्या कोटाच्या कॉलरला डाग आहे,” ती म्हणाली. “आता हे काय झालं? मत की जाहिरात?”

साहेबांनी वळून कोट पाहिला. “ही… वस्तुस्थिती झाली.”

“मी काढून देते म्हटलं तर?”

“जाहिरात.”

“आणि आधी ज्याने धुतला त्याने चुकीचं पाणी वापरलं म्हटलं तर?”

“ते तुमचं मत झालं.”

“दिवसभर मी हेच बोलते, साहेब. गिऱ्हाईक हौसेने कपडा घेऊन येतं आणि मी सांगते, हा रंग जाईल, धुवायला देऊ नका. त्यात माझंच काम बुडतं, म्हणजे ती जाहिरात नव्हे. मतच ते. माझ्याकडे अठरा वर्षं लोक येतात ते इस्त्रीसाठी नाही येत, इस्त्री कुणीही करतं. त्या मतासाठी येतात. यावर सही केली तर उद्या तुमचा कोट माझ्याकडे आला आणि तो फाटणार हे मला दिसलं, तरी मी गप्प बसायचं का?”

तिने कागद परत सरकवला. “परवाना मी कपडे धुवायचा घेतलाय. बोलायचा परवाना मी कधी मागितला नाही आणि मागणार नाही. हे मागतात, त्यांना सवय आहे.”

एवढं सलग बोलताना मी तिला बत्तीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं. किंवा ती बोलली असेल आणि मी तेव्हा बोलत असेन.

साहेबांनी फाइल उलटी धरून शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत चाळली. “तक्रार कुणाची आहे यात?” तक्रार कुणाचीच नव्हती. “मग हे सगळं सुरू कशावरून झालं?” पहिल्या पानावर माझा अर्ज होता. साहेबांनी तो वाचला. खालच्या तीन प्रती वाचल्या. मग त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी कधी विसरणार नाही.

“आवक-जावक?” त्यांनी विचारलं.

“एकतीस वर्षं,” मी म्हणालो.

“अर्ज मागे घ्या. अर्जच नसला तर फाइल नाही, आणि फाइल नसली तर स्थगिती कशावर ठेवू?”

मी दोन ओळींत अर्ज मागे घेतला. सही केली, आणि खाली माझा हात आपोआप ‘प्रत माहि’ इथपर्यंत गेला होता, तेवढ्यात बायकोने पेन हिसकावलं. साहेबांनी परवान्यावर शिक्का मारला आणि तो देताना जरा हळू आवाजात विचारलं, “तो डाग निघेल का हो?”

“आणून द्या,” ती म्हणाली. “पण येताना खड्डा सांभाळा.”

दुकान उघडलं. पण चादरी आल्या नाहीत. संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर आला. काउंटरवर कोपर टेकून गोड आवाजात म्हणाला, “ताई, काम तुमचंच चांगलं. पण आमच्या मालकांचं गच्चीच्या बांधकामाचं प्रकरण पालिकेत पडलंय. त्यांचं म्हणणं, तो फळा काढा, मग चादरी पाठवतो. उगाच वाकडं दिसायला नको.”

घ्या! सरकारने सोडलं तर हा उभा. मी तावातावाने उठलो, पण दुकान माझं नाही हे एकदा ऐकलेलं होतं. तरी म्हणालो, “काढून टाकू या गं. चादरी महत्त्वाच्या.” आणि खरंच मनापासून म्हणालो. ती मॅनेजरला म्हणाली, “बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पोचलो तेव्हा ती फळ्यापुढे उभी होती आणि तिच्या हातात खडू होता. अक्षर तिचं गिचमिड, एका बाजूला उतरत गेलेलं. पण लिहिलं होतं ते असं: ‘कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या चादरी तीन आठवड्यांपासून आमच्याकडे धुवायला आलेल्या नाहीत.’

मी म्हणालो, “खाली आणखी लिहू या. ‘धिक्कार असो’ वगैरे.”

“काही नको. जेवढं खरं आहे तेवढं पुरे.”

पुरलं! दुपारपर्यंत हॉटेलात उतरलेले पाहुणे सामान घेऊन तिथल्या काउंटरवर गादीची चौकशी करायला लागले. एका जोडप्याने उशीला नाक लावून बघितलं म्हणे. चादरी दुसरीकडे व्यवस्थित धुतल्या जात होत्या, पण ते सांगायला मॅनेजरकडे फळा नव्हता. संध्याकाळी तो स्वतःच्या डोक्यावर गठ्ठा घेऊन फळकुटावरून डुगडुगत आला. मालकांचा निरोप होता, फळा राहू द्या, मजकूर तेवढा पुसा.

तिने आधी चादरी मोजल्या, चिठ्ठ्या लावल्या, मग मला म्हणाली, “अहो, पुसा.”

मी पुसलं. खडू हातात घेऊन मी विचारलं, “आता काय लिहू?” एवढ्या दिवसांत हे मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.

“राहू दे कोरा.”

मला ते पटलं नाही. कोऱ्या फळ्याला काय अर्थ? पण सकाळी औषधवाला येऊन विचारून गेला, आज काय लिहिणार? हॉटेलचा मॅनेजर दोनदा डोकावला. अकराच्या सुमारास तर रस्ते विभागाचे निरीक्षक आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते कोऱ्या फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

“काही लिहिणार आहात का?” त्यांनी विचारलं.

“ठरायचंय अजून,” इस्त्रीवरून नजर न काढता बायको म्हणाली.

निरीक्षकांनी फळ्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि ते घाईने निघून गेले. चार वाजता खडीची गाडी आली. सहा वाजेपर्यंत खड्डा बुजला होता आणि वर रोलर फिरत होता.

मी दारात उभा राहून बघत होतो. चार कागद, एक सुनावणी आणि एक नवा कोट खर्च करून मला जे जमलं नव्हतं, ते तिने काहीही न लिहिता केलं होतं. राग आला. माणूस आहे, येणारच. पण त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते फळ्यावर लिहिण्यासारखं नव्हतं. मी आत गेलो, टेबलाच्या पलीकडे उभा राहिलो आणि तोंडाने म्हणालो, “मला तुझा फार अभिमान वाटतो.”

तिने चादरीवर वाफ सोडली. मान खालीच होती, पण ओठ आवळलेले दिसले.

“इस्त्रीचा आवाज होतोय,” ती म्हणाली. “परत सांगा. मोठ्याने.”